निवडुंगाच्या डोक्यावरचा ‘कापूस’

प्रश्न : रोपवाटिकेतून आणलेल्या छोट्या ब्राझिली निवडुंगाच्या शेंड्यावर पांढरा कापसासारखा पुंजका आला आहे. कुंडीवर ‘डिस्कोकॅक्टस हॉर्स्टी’ असे लिहिले आहे. पुंजका आल्यापासून रोपाची वाढही थांबल्यासारखी वाटते. हा पिठ्या ढेकूण असेल का, आणि ब्रशने काढून टाकावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ब्रश कृपया बाजूला ठेवावा. आपण ज्याला कीड समजत आहात तो या निवडुंगाचा फुले देणारा अवयव आहे. त्याला सेफॅलियम म्हणतात. रोप वयात आले की शेंड्याच्या वाढीची तऱ्हा बदलते, हिरवे कंगोरे तयार होण्याऐवजी दाट पांढरी लोकर आणि तिच्यातून डोकावणारे तपकिरी राठ केस येऊ लागतात, आणि त्यानंतर खालचा हिरवा भाग फारसा वाढत नाही. पिठ्या ढेकूण बहुधा कंगोऱ्यांच्या खाचांत आणि मुळांजवळ लपतो आणि काडीने हलकेच उचकले की त्याचा पुंजका सहज सुटून येतो. सेफॅलियमची लोकर मात्र शेंड्याला घट्ट चिकटलेली असते.

ही जात ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील ग्राऊँ मोगोल परिसरातली असून बायनिंग आणि ब्रेडेरू यांनी १९७३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिचे चपटे खोड जेमतेम ५-६ सेंटिमीटर रुंद असते आणि तेही गारगोटीच्या पांढऱ्या वाळूत अर्धेअधिक पुरलेले, त्यामुळे कोरड्या दिवसांत ते चटकन नजरेला पडत नाही. रंग हिरव्यापेक्षा तपकिरी-जांभळटाकडे झुकणारा. काटे पाहण्यासारखे आहेत: आखूड, करडे, नखांसारखे वळलेले आणि कंगोऱ्यांना इतके बिलगलेले की बोट फिरवले तरी सहसा टोचत नाहीत. निवडुंग म्हटले की डोळ्यांपुढे येणारा फड्या निवडुंग येथे विसरावाच लागतो.

कळ्या त्या लोकरीतच दडलेल्या असतात. एखाद्या दिवशी कळी वर सरकते, लांब नळी ताणली जाते आणि अंधार पडल्यावर खोडाहून मोठे वाटावे असे पांढरे, सुगंधी फूल उमलते. सकाळी ते मलूल झालेले असते, म्हणून अनेकांना आपल्या कुंडीत फूल येऊन गेल्याचा पत्ताच लागत नाही. पांढरा रंग, लांब नळी आणि रात्रीचा वास ही निशाचर पतंगांना बोलावण्याची व्यवस्था आहे.

हे रोप उष्ण कटिबंधातले आहे. त्यामुळे नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद करून ते घराच्या उबदार, उजेडाच्या जागी ठेवावे. एरवीही पाणी लोकरीवर न ओतता कडेने, मातीला घालावे, कारण ओली राहिलेली लोकर कुजते आणि कूज तेथून खोडात उतरते. डिस्कोकॅक्टस या संपूर्ण प्रजातीचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत, म्हणजे साइटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात, केलेला आहे. तेव्हा पुढचे रोप घेताना ते बियांपासून वाढवलेले आहे याची खात्री विक्रेत्याकडून अवश्य करून घ्यावी.