वडिलांनी तीन महिन्यांपूर्वीच नोकरी बदलली होती, आता विमा-पेन्शन मिळेल का?

तुम्ही विचारलंय : वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात अकरा वर्षं होते, मग लगेच चिंचोळी एमआयडीसीत लागले आणि तीन महिन्यांत वारले. नवी कंपनी म्हणते, "तीन महिन्यांत कसला क्लेम?"

क्लेम होतो. मी सोलापुरात पीएफची कामं करणाऱ्या सल्लागाराकडं कामाला आहे, हे वाक्य आमच्याकडं नवीन नाही.

पीएफ तर त्यांचाच पैसा, तो कुठं जात नाही. घोळ होतो तो ईडीएलआयचा, म्हणजे पीएफसोबत असणाऱ्या जीवनविम्याचा. त्याचा हप्ता मालक भरतो, पगारातून काही कापलं जात नाही, म्हणून घरच्यांना पत्ताच नसतो. सलग बारा महिने सेवा असेल तर किमान अडीच लाख, कमाल सात लाख. पूर्वी हे बारा महिने एकाच कंपनीत लागायचे आणि बऱ्याच मालकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. २०२१ पासून वेगवेगळ्या कंपन्यांतली सेवा मिळून धरतात. २०२५ च्या बदलानंतर तर मधे साठ दिवसांपर्यंत खंड असला तरी चालतो.

म्हणून आधी दोन्हीकडून यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) लिहून घ्या. नव्या कंपनीनं जुना न जोडता नवाच काढला असेल, तर अकरा वर्षांचा माणूस कागदावर नवखा दिसतो. दुसरं, नव्या कंपनीच्या नोंदीत नोकरी संपल्याचं कारण 'सेवेत असताना मृत्यू' असंच हवं. क्लार्कनं सवयीनं 'राजीनामा' टाकला की विमा अडकलाच. अर्ज भरायच्या आधी ही नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

फॉर्म तीन : पीएफला २०, विम्याला ५आयएफ, आईच्या पेन्शनला १०डी. पेन्शनसाठी दहा वर्षं लागतात हे जिवंतपणी. सेवेत मृत्यू झाला तर एका महिन्याचा भरणाही पुरतो. नॉमिनेशन नसेल तर अर्ज आईच्या नावानं करा. आई असताना सज्ञान मुलाचा वाटा पीएफच्या नियमात धरत नाहीत, नवरा हयात असलेल्या मुलीचाही नाही. धाकटी बहीण अविवाहित असेल तर मात्र तिचा आहे. कंपनी सही देईना तर बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्या आणि कंपनीनं का नाकारली ते लिहून अर्ज थेट इथल्या पीएफ ऑफिसात द्या.

ग्रॅच्युइटी मात्र जुन्या कारखान्याकडं मागायची. निघताना घेतली होती का, हे आईला विचारा; बरेच जण नुसता शेवटचा पगार घेऊन बाहेर पडतात. शेवटचा बेसिक-डीए (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले अकरा, एवढी होते. वडिलांचा ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जात असेल तर अंत्यविधीचे १५ हजारही मागून घ्या. आणि महापालिकेतून मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच जादा प्रती आत्ताच काढून ठेवा, प्रत्येक टेबलावर एक लागते.