एबीए दिल्यावर ओएसटी१ची पट्टी तेवढीच का राहते?

तुमचा प्रश्न असा: अरॅबिडॉप्सिसच्या (प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या) रोपांना ॲब्सिसिक आम्ल (एबीए, पाण्याच्या ताणाचं संप्रेरक) दिलं, पण वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीत) ओएसटी१ कायनेजची (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या प्रथिनाची) पट्टी होती तेवढीच राहिली. मग संकेत पोचलाच नाही का?

पट्टीवरून तसं म्हणता येत नाही. ओएसटी१ रक्षक पेशीत (पानावरच्या पर्णरंध्राची उघडझाप करणाऱ्या पेशीत) आधीपासून हजर असतं. बदलते ती त्याची अवस्था, आणि साधी अँटिबॉडी फक्त प्रमाण दाखवते.

पाणी पुरेसं असतं तेव्हा एबीआय१सारखी पीपी२सी गटातली फॉस्फटेजं (फॉस्फेट काढणारी प्रथिनं) ओएसटी१ला चिकटून असतात आणि त्याच्या १७५व्या अमिनो आम्लावरचा, म्हणजे सेरिनवरचा फॉस्फेट काढत राहतात, त्यामुळे कायनेज बंद. ताण पडून एबीए वाढलं की ते पीवायआर-पीवायएल ग्राहकाच्या पोकळीत बसतं आणि ग्राहकाचं झाकण मिटतं. मिटलेल्या झाकणावर फॉस्फटेज येऊन अडकतं, एबीआय१चं ३००वं ट्रिप्टोफॅन तिथल्या फटीत शिरतं, आणि फॉस्फटेजची सक्रिय जागा बुजते. म्हणजे एबीए कायनेजला थेट हात लावतच नाही. कायनेजला दाबून ठेवणाऱ्याला ते अडवतं. २००९मध्ये हे ग्राहक सापडले तेव्हा ही साखळी पहिल्यांदा पूर्ण जुळली, आणि मला वनस्पतिशास्त्रातली ही सर्वांत देखणी रचना वाटते. एबीआय१-१ या उत्परिवर्तात १८०व्या ग्लायसिनच्या जागी ॲस्पार्टिक आम्ल येतं. एवढ्यावर ग्राहकाची पकड सुटते आणि झाड पाणी कमी पडताच माना टाकतं.

मोकळं झालेलं ओएसटी१ स्वतःवर फॉस्फेट चढवतं (रॅफसारखी कायनेजंही त्यावर तो चढवतात) आणि मग एसएलएसी१ या वाहिनीवरही. ऋणायन बाहेर पडतात, पटलाचा विद्युतदाब उतरतो, मागोमाग पोटॅशियम आणि पाणी जातं, आणि पर्णरंध्र मिटतं. केंद्रकातल्या एबीएफ या जनुकं चालू करणाऱ्या घटकांवरही याच गटाची कायनेजं फॉस्फेट चढवतात, पण जनुकांचा परिणाम दिसायला जास्त वेळ लागतो.

आता हे दाखवायचं कसं? फॉस-टॅग जेल (फॉस्फेटला धरून ठेवणारा रेणू मिसळलेलं जेल) वापरा: ८ ते १० टक्के ॲक्रिलामाइड, ५० मायक्रोमोलर फॉस-टॅग, १०० मायक्रोमोलर मँगनीज क्लोराइड. फॉस्फेट असलेलं प्रथिन मागे रेंगाळतं, म्हणून त्याची पट्टी वर दिसते. वजन मार्करवरून वाचू नका, या जेलमध्ये ते खरं येत नाही.

घोळ बहुतेक वेळा अर्क काढतानाच होतो. ओकाडाइक आम्ल (एक फॉस्फटेज-रोधक) घालून लोक निश्चिंत होतात, पण पीपी२सीवर ते चालत नाही. या फॉस्फटेजांना मॅग्नेशियम किंवा मँगनीज लागतं, म्हणून ती ईडीटीएने (असे धातू धरून ठेवणाऱ्या रसायनाने) थांबतात. पण तेच ईडीटीए नमुन्याबरोबर जेलमध्ये गेलं तर तिथलं मँगनीज ओढून घेतं आणि पट्ट्या फराटतात. सोपी वाट म्हणजे रोपं लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायची, वाटून टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल) आणि ॲसिटोनने प्रथिनं खाली बसवायची, आम्ल जाईपर्यंत थंड ॲसिटोनने धुवायचं आणि ईडीटीए नसलेल्या एसडीएस बफरमध्ये विरघळवायचं. पानं तोडून टेबलावर ठेवू नका. ती सुकताना स्वतःच एबीए बनवतात आणि मग कंट्रोलमध्येही वरची पट्टी येते. एबीए ज्या इथेनॉलमध्ये विरघळवलं, तेवढंच कंट्रोललाही द्या.

ट्रान्सफरआधी (प्रथिनं जेलमधून पडद्यावर नेण्याआधी) जेल १० मिलिमोलर ईडीटीए घातलेल्या ट्रान्सफर बफरमध्ये १०-१० मिनिटं दोन-तीनदा भिजवा, मग एकदा बिनईडीटीएच्या बफरमध्ये. हे गाळलं तर फॉस्फेटवालं प्रथिन जेलमध्येच अडकतं आणि निष्कर्ष नेमका उलटा निघतो.

लॅम्डा फॉस्फटेजचा (फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकराचा) कंट्रोल हवाच, पण तो टीसीए न वापरता, ईडीटीए आणि फॉस्फटेज-रोधक न घालता काढलेल्या वेगळ्या अर्कावर करा: मँगनीज घालून ३० अंशांवर अर्धा तास. वरची पट्टी खाली आली तर तो फॉस्फेटच होता. तरी कायनेज सक्रिय आहे हे यातून सिद्ध होत नाही, कारण ओएसटी१वर फॉस्फेटच्या इतरही जागा आहेत. त्यासाठी फॉस्फेट चढवायला हिस्टोन किंवा एबीएफचा तुकडा घालून जेलमधली कायनेज चाचणी करा, आणि शेजारी ओएसटी१ नसलेल्या उत्परिवर्ताचा नमुना चालवा.