चार डेसिबलचा फरक आणि “मी या विषयाची नाहीच”

“माझं गणितच कच्चं आहे. वायरलेसमध्ये यायलाच नको होतं. पीएच.डी. सोडून देऊ का?”

हा प्रश्न विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षात वेगवेगळ्या शब्दांत वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात येतो. पुढची केस एकीची म्हणून सांगितली असली तरी ती अनेकांच्या अनुभवांतून जुळवली आहे, ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही. लिहिताना समुपदेशकासोबत दूरसंचार शिकवणारे एक प्राध्यापकही होते. या केसमध्ये मनाची गाठ आणि कोडमधली गाठ एकच होती, त्यामुळे दोघांचीही गरज पडली.

मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. तालुक्याच्या गावी ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार), मग गेट, एम.टेक., आणि आता पीएच.डी. दुसरं वर्ष संपायला अडीच महिने राहिलेले. दोन वर्षांनी आढावा होतो, त्यात प्रगती समाधानकारक ठरली की 37,000 रुपयांची फेलोशिप 42,000 होते. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलीला हा आढावा साधी औपचारिकता वाटत नाही.

पहिल्या भेटीत आम्ही विषयाला हातच लावला नाही. झोप कधी, जेवण किती वेळा, शेवटचं कुणाशी मनमोकळं बोललीस? रात्री तीनला झोप, लॅबमध्ये दुपारी चारनंतर, म्हणजे गाईड निघून गेल्यावर. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ शब्दांत विचारलं. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. “तसं नाही, पण उद्याची सकाळ होऊ नये असं वाटतं,” असं ती म्हणाली. हे वाक्य हलक्यात घ्यायचं नसतं. तिच्या संमतीने रूममेटला कल्पना दिली, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक फोनमध्ये साठवून घेतला, आणि पुढची भेट आठवड्याने न ठेवता तिसऱ्या दिवशी ठेवली. निघताना सांगितलं, “लॅपटॉप घेऊन ये. जो आलेख जुळत नाही, तो छापूनही आण.”

तिसऱ्या दिवशी टेबलावर तो कागद आला. एका पेपरमधली आकृती ती चार महिने पुन्हा काढायचा प्रयत्न करत होती. आडव्या अक्षावर ईबी बाय एन-नॉट, म्हणजे एका बिटमागची ऊर्जा आणि नॉइजची घनता यांचं गुणोत्तर, डेसिबलमध्ये (या मापात दुप्पट म्हणजे सुमारे तीन डेसिबल जास्त). उभ्या अक्षावर बिट एरर रेट, म्हणजे चुकलेल्या बिटांचं प्रमाण. पेपरमधली रेघ काळी, तिची लाल. लाल रेघ सगळीकडे उजवीकडे, जवळजवळ चार डेसिबलने. कडेला पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या, प्रत्येक तारखेला काय बदलून पाहिलं ते लिहिलेलं, आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं: “मला येत नाही.”

आम्ही त्याच कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे “दिसतं काय”, उजवीकडे “मी त्याचा अर्थ काय लावला”. उजवा रकाना तिने भराभर भरला: गणित कच्चं, बाकीच्यांना जमतं, सरांना कळलं तर संपलं. डाव्या रकान्यात लिहिण्यासारखं एकच होतं: “रेघ चार डेसिबल उजवीकडे आहे.”

मग प्राध्यापकांनी विचारलं, “दोन्ही रेघा समांतर आहेत का?” तिने पट्टी लावून पाहिलं. होत्या. चार महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, तिनेही स्वतःला विचारला नव्हता, आणि अर्धं निदान त्यातच होतं.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण असा चुकलेला आलेख बरंच काही सांगत असतो. रेघ समांतर राहून सरकली असेल तर दोष बहुधा ऊर्जेच्या हिशेबात असतो: कुठेतरी दोनाने गुणायचं किंवा भागायचं राहिलेलं असतं. उतारच वेगळा असेल तर चॅनेलचं, म्हणजे सिग्नल ज्या वाटेने येतो तिचं, प्रतिमान तपासावं. दोन अँटेनांचा फायदा मिळायला हवा होता आणि मिळत नाही, असं तेव्हा होतं. रेघ उजव्या टोकाला सपाट होत असेल, नॉइज कितीही कमी केला तरी चुका कमी होत नसतील, तर चॅनेलचा अंदाज चुकतोय, किंवा ओएफडीएममध्ये (माहिती अनेक वारंवारतांवर वाटून पाठवण्याच्या पद्धतीत) मागच्या सिम्बॉलचा, म्हणजे आधी पाठवलेल्या तुकड्याचा, प्रतिध्वनी पुढच्यात शिरतोय. वाय-फायच्या जुन्या 802.11ए मानकात गार्ड, म्हणजे दोन सिम्बॉलमधली राखीव वेळ, 0.8 मायक्रोसेकंदाचा आहे, म्हणजे सर्वांत जवळच्या आणि सर्वांत लांबच्या मार्गात साधारण 240 मीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त झाला की गडबड सुरू. आणि रेघ सिद्धान्ताच्या डावीकडे गेली, तुमचा रिसीव्हर गणितापेक्षा सरस निघाला, तर सर्वांत जास्त सावध व्हावं. वाईट निकाल सगळे तपासतात, चांगला निकाल तसाच पुढे जातो.

तिची रेघ समांतर होती, म्हणजे हिशेब तपासायचा. कसा? जिथलं उत्तर आधीच ठाऊक आहे तिथपर्यंत मागे यायचं. फेडिंग (वाटेत सिग्नलची पातळी कमीजास्त होणं) काढलं, ओएफडीएम काढलं, चॅनेलचा अंदाज काढला. उरलं फक्त क्यूपीएसके, ही बिट सिग्नलवर चढवण्याची एक साधी रीत, आणि गाऊसियन नॉइज, म्हणजे साधा यादृच्छिक नॉइज. इथे पुस्तकातलं उत्तर पक्कं आहे: ईबी बाय एन-नॉट 6.8 डेसिबलला हजार बिटांत एक चूक, 9.6 ला लाखात एक. तिच्या कोडने हजारात एक चूक दाखवली 9.8 डेसिबलला. बरोबर तीनचा फरक.

क्यूपीएसकेच्या एका सिम्बॉलमध्ये दोन बिट असतात, म्हणून सिम्बॉलची ऊर्जा बिटाच्या दुप्पट, म्हणजे 3.01 डेसिबलने जास्त. कोड आडव्या अक्षावरचा आकडा बिटाचा न मानता सिम्बॉलचा मानत होता, त्यामुळे नॉइज दुप्पट मिसळला जात होता. मग हा कोड आजवर चालला कसा? कारण तो तिचा नव्हताच, लॅबमधल्या सिनियरकडून आला होता आणि त्याच्या कामात अगदी बरोबर होता. त्याच्याकडे क्यूपीएसकेबरोबर एक-द्वितीयांश दराचं चॅनेल कोडिंग होतं, म्हणजे चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून जादा बिट जोडणं. दोन बिटांतला एकच बिट माहितीचा, म्हणजे सिम्बॉलची ऊर्जा आणि माहितीच्या बिटाची ऊर्जा सारखीच. ती ओळ तिथे खरी होती. हिच्या कामात कोडिंग नको म्हणून हिने तो भाग काढला, ओळ तशीच राहिली, आणि खरी ओळ खोटी झाली. अशी चूक गणित कच्चं असणाऱ्याकडूनच होते असं नाही. वारशाने आलेला कोड ज्या गृहीतकांवर उभा असतो ती कुठे लिहिलेली नसतात, आणि आमच्या मते संशोधन लॅबमधली ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे.

ओएफडीएम परत जोडल्यावर उरलेल्या एका डेसिबलचाही उलगडा झाला. 64 सॅम्पलच्या सिम्बॉलला 16 सॅम्पलचा सायक्लिक प्रीफिक्स (वर सांगितलेला गार्ड तो हाच) जोडला की 80 सॅम्पल पाठवावी लागतात. 80 भागिले 64 म्हणजे 0.97 डेसिबल. सिनियरच्या कोडने प्रीफिक्सची ऊर्जा हिशेबात धरली होती, पेपरने धरली नव्हती. यात चूक कुणाचीच नाही, पद्धत वेगळी. 3.01 अधिक 0.97, म्हणजे 3.98. चार महिन्यांचा “मला येत नाही” या दोन आकड्यांत मावला. तिने बेरीज कॅल्क्युलेटरवर दोनदा केली आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

तीन डेसिबलवरून आठवलं. 1993 साली जिनिव्हाच्या परिषदेत बेरू, ग्लाव्यू आणि थितिमाजशिमा यांनी टर्बो कोड, म्हणजे चुका दुरुस्त करणारे नवे कोड, मांडले. शॅननने 1948 मध्ये दाखवलेल्या मर्यादेच्या (त्याहून कमी ऊर्जेत खात्रीने संदेश पोहोचवता येत नाही) 0.7 डेसिबल इतक्या जवळ जाण्याचा तो दावा होता, आणि कोडिंगमधल्या जाणकारांना वाटलं, यांनी कुठेतरी दोनाचा गुणक विसरला असणार, तीन डेसिबल चुकले असणार. पुढे इतरांनी तपासलं आणि दावा खरा निघाला. बेरू हे कोडिंगच्या गणिताच्या परंपरेतले नव्हते, सर्किट डिझाइनमधून आले होते. हे तिला सांगण्यामागे एकच हेतू होता: तीन डेसिबलची शंका या क्षेत्रात रोजची आहे. ती आली की हिशेब तपासायचा असतो, माणूस मोजायचा नसतो.

रेघेच्या शेपटाचा एक त्रास उरला होता. उजव्या टोकाला लाल रेघ कधी खाली कोसळायची, कधी वर उडायची, आणि तिला वाटायचं अल्गोरिदम बिघडला. प्रत्यक्षात ती प्रत्येक बिंदूला एक लाखच बिट पाठवत होती. लाखात एक चूक अपेक्षित असलेल्या जागी कधी शून्य चुका दिसणार, कधी तीन. भरवशाचा आकडा हवा तर निदान 100 चुका मोजाव्या लागतात, तेव्हा कुठे चढउतार दहा टक्क्यांच्या आसपास येतो. त्या बिंदूला म्हणजे एक कोटी बिट. म्हणून बिटांची संख्या ठरवून न थांबता चुकांची संख्या ठरवून थांबायचं. फेडिंगमध्ये तेही पुरत नाही: एका फ्रेमभर (एकत्र पाठवलेल्या बिटांच्या गटभर) चॅनेल तोच असेल तर चुका घोळक्याने येतात, 100 चुका दोनच वाईट फ्रेममधून आलेल्या असू शकतात. तिथे चॅनेल किती वेळा नव्याने काढला तेही मोजावं लागतं.

आता गणिताबद्दल. तिची भीती पूर्ण निराधार नव्हती. संभाव्यता तिने परीक्षेपुरती केली होती, आणि या विषयात संभाव्यतेवाचून पान हलत नाही. पण “गणित सुधार” हा सल्ला कुणाच्याच कामाचा नाही. आम्ही सहा आठवड्यांचं काम ठरवलं: रोज सकाळी पाऊण तास, मोबाईल बाजूला, एकच उत्पत्ती (सूत्र कसं येतं ते) हाताने. पहिले दोन आठवडे यादृच्छिक चल आणि सशर्त संभाव्यता, पुढचे दोन मॅट्रिक्स आणि आयगेन मूल्यं, शेवटचे दोन स्वतःच्या पेपरमधलीच समीकरणं. दुसऱ्या आठवड्यात तिने रेले फेडिंगमधल्या (फेडिंगचं एक नेहमीचं प्रतिमान) बीपीएसकेचं (एका सिम्बॉलला एकच बिट) चुकांचं सूत्र हाताने काढलं: गाऊसियन नॉइजमधलं उत्तर घ्यायचं, बदलत्या सिग्नल पातळीवर त्याची सरासरी काढायची. 10 डेसिबलला उत्तर येतं सुमारे 0.023, म्हणजे हजारात 23 चुका. फेडिंग नसताना त्याच 10 डेसिबलला दहा लाखांत चार. हे दोन आकडे स्वतः काढल्यावर ती म्हणाली, “एवढ्यासाठी दोन अँटेना लागतात होय!” तिचा प्रबंधच मुळात त्यावर आहे.

त्यातच तिने एक खाचही शोधली. फेडिंगचा गुणक तयार करताना वास्तव आणि काल्पनिक भाग जोडून वर्गमूळ दोनने भागायचं असतं. हे राहिलं तर रेघ तीन डेसिबल डावीकडे जाते. तेच नॉइजमध्ये राहिलं तर उजवीकडे. दोन्हीकडे राहिलं तर रेघ बरोब्बर जुळते, कोड मात्र दोन ठिकाणी चुकलेला असतो, आणि ती चूक वर येते थेट तेव्हा, जेव्हा इक्वलायझरला, म्हणजे चॅनेलचा परिणाम पुसणाऱ्या भागाला, नॉइजची खरी पातळी सांगावी लागते. म्हणून आता आलेख काढण्याआधी ती सिग्नल, चॅनेल आणि नॉइज यांची सरासरी पॉवर वेगवेगळी छापून बघते. तीन ओळींचं काम आहे.

सर्वांत अवघड होतं गाईडसमोर जाणं. सहा आठवडे टाळल्यावर दार ठोठावायला धीर होत नाही. त्यासाठी मेसेज आमच्यासमोर बसून लिहिला. पहिल्या मसुद्यात “सॉरी सर” चार वेळा होतं. शेवटी गेला तो असा: “सर, आकृतीतला चार डेसिबलचा फरक सापडला. 3.01 बिट आणि सिम्बॉलच्या ऊर्जेचा, 0.97 सायक्लिक प्रीफिक्सचा. आता पेपरशी जुळतंय. एका पानावर लिहून आणते. सोमवारी अकराला वेळ आहे का?” एक “सॉरी” ठेवायचा तिचा हट्ट होता, आम्ही तो मोडला. उशीर झाल्याबद्दल वाटलं तर समोर बोलता येतं, मेसेज कामाचा असावा. बारा मिनिटांनी उत्तर आलं: “ये. लॅपटॉप आण.”

भेटीला न्यायच्या एका पानाचा साचा आता आम्ही इतरांनाही देतो: काय काढायचं होतं, काय जुळलं, काय जुळत नाही आणि कितीने, कशामुळे वाटतं, पुढच्या शुक्रवारपर्यंत काय करणार. पाचच ओळी. “काही जमलं नाही” हे वाक्य त्यात बसतच नाही, कारण किती आणि कुठे हे लिहावंच लागतं.

झोप मात्र लगेच सुधारली नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे ती अजून जाते, लॅबची वेळ सकाळी अकरावर यायला दोन महिने लागले. सेमिनारमध्ये इंग्रजीत प्रश्न आला की अजून घशाला कोरड पडते, त्यावर काम चालू आहे. आढावा पार पडला.

मागच्या भेटीला ती नवा छापील आलेख घेऊन आली. लाल रेघ सुरुवातीला काळ्या रेघेवर बसलेली, उजव्या टोकाला सपाट होत गेलेली. आम्ही काही विचारण्याआधी तिने बोट ठेवलं. “इथे बसतेय, म्हणजे ऊर्जेचा हिशेब ठीक आहे. सपाट होतेय ते चॅनेलच्या अंदाजामुळे असावं. चॅनेल आधीच माहीत आहे असं धरून एकदा चालवते. सरळ खाली गेली तर पायलट, म्हणजे चॅनेल मोजायला पाठवलेले ठाऊक सिम्बॉल, वाढवायचे.” कागदाच्या कडेला पेन्सिलीने तारीख होती, खाली लिहिलं होतं: “5 डेसिबलपर्यंत जुळतं. पुढे बघायचं.”