प्रवासात कुणाच्या घरी जेवलो तर पैसे द्यावेत का? पाहुणचारात तुम्हाला कुठे फरक जाणवला?

जेवणाचे म्हणून देऊ नका. मी दिले होते, त्याची अजून लाज वाटते. पण त्याच्या आदल्या रात्री मी एका साध्या 'नको'मुळे फसलो होतो, ते आधी सांगतो.

मी धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचा. आमच्याकडे पाहुणा आला की शेवभाजी होणारच, आणि त्याने ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून तर्री सोडायची. पाहुण्यानेही पहिल्या हाकेला ताटावर बसायचं नसतं. 'आत्ताच जेवून निघालो' असं दोनदा म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा 'बरं, घासभर' म्हणत चार भाकरी हाणायच्या. (एवढा आग्रह करणारी माझी आई कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट मात्र भाऊबंदांपलीकडे कुणाला देत नाही. तिथे माझा जिवलग मित्रही बाहेरचाच.)

सोलर पंपांच्या दुरुस्तीसाठी मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात जातो. सारंगखेड्याला तापी ओलांडायची, शहादा मागे टाकायचं की सातपुडा. 1998 साली नंदुरबार वेगळा होईपर्यंत आमचा जिल्हा एकच, धुळे. त्यामुळे रीतभातही एकच असणार, असं मी धरून चाललो होतो.

एका एप्रिलमध्ये पाड्याजवळ गाडी पंक्चर झाली आणि अंधार पडला. समोर एका पावरा आदिवासी कुटुंबाचं घर, अंगणात आमचूरसाठी कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. म्हाताऱ्या बाबांनी खाट टाकली, पाणी दिलं, विचारलं, "जेवणार का?" मी सवयीने म्हणालो, "नको बाबा, जेवून निघालोय." त्यांनी मान डोलावली आणि घरातले सगळे जेवायला बसले. उडदाच्या डाळीचा वास थेट खाटेपर्यंत येत होता. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत बसलो. भांडी घासून झाली तरी ती आली नाही. रात्रभर पोटात कावळे.

सकाळी बाबांनी पुन्हा विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी "हो" म्हणालो. आतून बायकांचं हसू ऐकू आलं.

निघताना मी त्यांच्या नातवाच्या मुठीत दोनशेची नोट कोंबली. बाबांनी ती पोराकडून घेऊन खाटेवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "जेवणाचे किती झाले ते सांग. उरलेले परत देतो." चेष्टा नव्हती ती. मला आकडा सांगता येईना. गुपचूप नोट उचलली.

मग मी आमचूर मागितलं. त्यांनी भाव सांगितला, तराजूत तोललं, तीच नोट घेतली आणि सुट्टे मोजून परत केले. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. तेव्हा तुम्हाला द्यायचंच असेल तर त्यांच्याकडे विकायला जे असेल ते त्यांनी सांगितलेल्या भावात घ्या. घासाघीस नको, आणि पोरांच्या हातात नोटा तर अजिबात नको.

पुढच्या वर्षी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बाबा काही कामाने दोंडाईचाला आले, तेव्हा मी त्यांना घरी आणलं. आईने खापरावरची पुरणपोळी आणि आमरस केला होता. एका पोळीनंतर बाबा "पुरे" म्हणाले. आईने दुसरी टाकली. "आखो एक ल्या ना बाबा," म्हणत तिसरी. बाबांनी एक शब्द न बोलता सगळं संपवलं.

अंगणात हात धुताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुझ्या आईला कमी ऐकू येतं का?"