टीव्ही म्यूट करा, मगच बोला

प्रश्न : आमच्याकडच्या केबल चॅनेलवर संध्याकाळी फोन-इन असतो. आईनं भजनाची फर्माईश करायला फोन लावला. लागला, पण तिचंच बोलणं तिला मागून ऐकू येऊ लागलं. ती गडबडली आणि फोन कट झाला. निवेदिका म्हणाली, “काकूंनी फोन ठेवला वाटतं.” आईनं ठेवला नव्हता! तेव्हापासून ती फोनच लावत नाही. चूक कुणाची?
— एक वाचक, धायरी

उत्तर : आईंना सांगा, त्यांची अजिबात चूक नाही. लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका केबल चॅनेलमध्ये आवाजाच्या पॅनलवर मी बरीच वर्षं काम केलं. फोन लागला की माणूस स्वतःला टीव्हीवर ऐकायला बघतोच, आणि का बघू नये? पूर्वी टीव्हीचा आवाज लगेच रिसीव्हरमध्ये शिरायचा आणि शिट्टी वाजायची. २०१३ मध्ये पुण्यात सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले. आता प्रक्षेपण थोडं उशिरा पोचतं, त्यामुळे आपलंच वाक्य मागून येतं आणि जीभ अडखळते.

ते टाळणं चॅनेलचं काम. फोन ऑन-एअर देण्याआधी कुणीतरी तो उचलून नाव, फर्माईश विचारायची, टीव्ही म्यूट करायला लावायचा. शिवाय पॅनलवरून कॉलरला बाकी सगळा आवाज पाठवायचा, फक्त त्याचा स्वतःचा वगळून. त्याच्या स्वतःच्या आवाजाचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, वर राहिला तर टीव्ही बंद असूनही घुमतं. लहान चॅनेलवर कॅमेरा, फोन, पडद्याखालची पट्टी सगळं एकच मुलगा बघतो. गुरुवारी वीज गेली तर यूपीएसकडेही त्यालाच धावायचं. अशा वेळी फोन कट होणं मी समजू शकतो.

‘काकूंनी ठेवला’ हे मात्र मला मान्य नाही. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात २००६ मध्ये तांत्रिक बिघाडामुळे फोन करणाऱ्यांमधून विजेता निवडता येईना, म्हणून स्टुडिओ बघायला आलेल्या मुलीलाच कॉलर म्हणून बोलायला लावलं. पुढच्या वर्षी ऑफकॉम या ब्रिटनमधल्या प्रसारण नियामक संस्थेनं ५० हजार पौंड दंड केला, तो बिघाडासाठी नव्हे, बनवाबनवीसाठी. ‘लाइन आमच्याकडून तुटली’ म्हणायला तीन सेकंद लागतात, आणि पलीकडच्या बाईंचा मान राहतो.

तुम्ही चॅनेलच्या ऑफिसात जाऊन हे सांगाच. आईंना पुन्हा फोन लावू द्या. टीव्ही म्यूट करून त्यांनी आतल्या खोलीतून बोलावं, तुम्ही बाहेर बसून रेकॉर्ड करा.