परदेशात राहतो, लॉकडाऊनची कुजबुज सुरू आहे. घरात काय आणि किती भरून ठेवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परदेशात भाड्याच्या घरात राहता, जवळ नातेवाईक नाहीत, पुन्हा लॉकडाऊन लागेल अशी चर्चा आहे, तर किराणा आणि घरसामान किती आणून ठेवावं, आणि घबराट न करता कसं?

मी २०२० साली तुमच्याच परिस्थितीत होतो. त्या अनुभवावरून सांगतो, किराण्याची यादी करण्याआधी एक वेगळी यादी करा. लॉकडाऊनमध्ये कुठली दुकानं बंद होतात, त्यांची.

किराणा आणि औषधं जवळजवळ सगळ्या देशांत सुरू राहिली. बऱ्याच ठिकाणी बंद झाली ती कपड्यांची, चपलांची, भांड्यांची, विजेच्या सामानाची, वह्या-पेनांची, मोबाइल दुरुस्तीची दुकानं. आणि लोक रांगा लावून उभे होते ते जी उघडी राहणार होती त्यांच्या दारात! इटलीत वह्या-पुस्तकांच्या आणि लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानांना परवानगी मिळाली ती १४ एप्रिल २०२० पासून, म्हणजे देशभर लॉकडाऊन लागून महिना उलटल्यावर. बाळ काही तोवर वाढायचं थांबत नाही. वेल्समध्ये ऑक्टोबर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर सुपरमार्केट उघडं, पण आतला कपड्यांचा भाग झाकून ठेवलेला. समोर दिसतंय, पण विकत घेता येत नाही. ऑनलाइन मागवू म्हणाल, तर मार्च २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिका आणि युरोपातल्या गोदामांत काही आठवडे औषधं आणि रोजच्या गरजेच्या मालाला प्राधान्य देऊन बाकीचा माल मागे ठेवला होता.

तेव्हा घरात एक फेरी मारा आणि प्रत्येक वस्तूकडे बघून विचारा: ही उद्या बिघडली तर? लॅपटॉप आणि फोनचा जादा चार्जर. चष्मा वापरत असाल तर दुसरा चष्मा, निदान नंबरची चिठ्ठी तरी. कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (हे परदेशात एरवीही चटकन मिळत नाहीत). बल्ब, रिमोटचे सेल, स्क्रूड्रायव्हर, टेप, सुईदोरा. केस कापायचं मशीन किंवा बरी कात्री. मुलं असतील तर एक माप पुढचे कपडे आणि बूट. थर्मामीटर, हा तर पहिल्या आठवड्यातच सगळीकडून गायब झाला होता. या सगळ्याला मिळून एक खण पुरतो, आणि माझ्या मते तुमच्या तयारीतला सर्वात उपयोगी खण तोच.

आता किराणा. "किती" या प्रश्नाचं उत्तर लोक लॉकडाऊनच्या लांबीवर अडवून ठेवतात, आणि ती कुणालाच माहीत नसते. ती मोजूच नका. मोजायचे ते दिवस, जेव्हा दुकान उघडं असूनही *तुम्ही स्वतः* जाऊ शकणार नाही. आजारी पडलात, किंवा विलगीकरणात राहायला सांगितलं तर. २०२० मध्ये बहुतेक ठिकाणी हा काळ १४ दिवसांचा होता. आपल्या घरी आत्याला फोन केला की डबा येतो. परदेशात आपल्यासाठी दारात पिशवी ठेवणारं कुणी असेलच असं नाही. म्हणून दोन आठवडे. त्याहून जास्त साठवायला छोट्या घरात जागाही नसते आणि नासाडी होते ती वेगळीच.

सरकारी याद्या वाचताना एक लक्षात ठेवा. जर्मनीचं नागरी संरक्षण खातं दहा दिवसांचा साठा सुचवतं, स्वीडनची पुस्तिका निदान आठवड्याचा, आणि युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये ७२ तासांची तयारी ठेवा असं सांगितलं. पण या याद्या युद्ध, पूर, वीज जाणं यांच्यासाठी केलेल्या आहेत. त्यात पाण्याच्या बाटल्या, मेणबत्त्या, बॅटरीवरचा रेडिओ असतो. लॉकडाऊनमध्ये नळाला पाणी येतं, दिवे लागतात, शेगडी पेटते. पाण्याच्या बाटल्यांनी अर्धा दिवाणखाना अडवणारे लोक मी पाहिलेत. त्या जागेत खूप काही मावलं असतं.

टॉयलेट पेपरचं नवल मात्र सांगायलाच हवं, कारण त्यातून बाकीचं सगळं कळतं. तो संपला त्याचं कारण निव्वळ वेडेपणा नव्हता. माणूस दिवसातला बराच वेळ ऑफिसात, शाळेत, हॉटेलात असतो. तिथले मोठे रोल वेगळे, त्यांची मशीनं वेगळी, पुरवठा वेगळ्या साखळीतून. सगळे एकाच वेळी घरी बसले की घरगुती कागदाची गरज खरोखरच वाढते. तेव्हा एका अमेरिकी कागद कंपनीने अंदाज दिला होता की चोवीस तास घरी असलेलं कुटुंब नेहमीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त कागद वापरेल. त्यात या मालाचे कारखाने एरवीही रात्रंदिवस चालतात, कारण मागणी वर्षभर सारखीच. म्हणजे वेग वाढवायला फारशी जागाच नाही. ब्रिटनमध्ये पिठाचं तेच झालं. पीठ देशात भरपूर होतं. पण तिथल्या पिठापैकी जेमतेम ४ टक्के दुकानांतून लहान पिशव्यांत विकलं जातं, बाकीचं बेकऱ्यांना आणि कारखान्यांना गोण्यांनी आणि टँकरने जातं. गिरण्या चालू होत्या, लहान पिशव्या भरणारी यंत्रं अपुरी पडली.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, घरी सगळे असताना सगळंच जास्त लागतं: कागद, साबण, भांडी घासायचा द्रव, चहा, कचऱ्याच्या पिशव्या. नेहमीच्या पंधरवड्याच्या हिशेबात निम्मी भर घाला. दोन, रिकामं कपाट दिसलं म्हणून माल संपला असं होत नाही. बहुतेक वेळा तो काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत परत येतो. तेवढे दिवस तुमच्या घरात निघाले की झालं.

खरेदी एका दमात करू नका. आत्तापासून दर आठवड्याला नेहमीच्या सामानात चार-पाच गोष्टींचा एक-एक नग जास्त घ्या. खिशाला झळ लागत नाही, आणि परक्या देशात गच्च भरलेली ट्रॉली ढकलताना ज्या नजरा येतात त्याही टळतात. हे मी गमतीने म्हणत नाही. घबराटीच्या काळात लोक आधी बाहेरच्या माणसाकडे बोट दाखवतात.

आणि काय घ्यायचं? जे तुम्ही एरवी खाता तेच. कधी न खाल्लेले डबाबंद पदार्थ आणले तर ते वर्षभर कपाटात तुमच्याकडे बघत बसतील. आपल्याकडचं सामान आणणारी दुकानं जहाजाने येणाऱ्या कंटेनरवर जगतात. बंदरं अडली की त्यांचा माल महिनोन्महिने येत नाही. म्हणून डाळी आणि मसाले थोडे आधी घेऊन ठेवा, पण पोट भरायचं काम त्या देशात पिकणाऱ्या धान्या-भाज्यांवर सोपवा. तिथली साखळी सर्वात शेवटी तुटते. कोंड्यासकटचं पीठ जास्त साठवू नका. कोंड्यातल्या आणि अंकुरातल्या तेलामुळे ते काही महिन्यांत खवट होतं. तांदूळ, डाळी टिकतात. किडीची भीती असेल तर पिशवी तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग पूर्ण कोरडी करून हवाबंद डब्यात भरा.

साफसफाईच्या सामानात साधा साबण पुरतो. विषाणूभोवतीचं चरबीचं आवरण साबणाने फुटतं, त्यासाठी महागडं काही लागत नाही. सॅनिटायझर घेतलंच तर निदान ६० टक्के अल्कोहोलचं, आणि शेगडीपासून लांब ठेवा. ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल कधीही एकत्र ओतू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. घरी बसून लोकांना सफाईचा उत्साह येतो, म्हणून सांगतोय.

आता औषधं. इथे मात्र दोन आठवडे पुरेसे नाहीत. रोजची गोळी असेल (रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा) तर डॉक्टर आणि विम्याचे नियम जितकी देऊ देतील तितकी, शक्यतो दोन-तीन महिन्यांची हाताशी ठेवा. आपल्यातले बरेच जण वर्षाची औषधं मायदेशातून आणतात, किंवा कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर मागवतात. ही वाट सर्वात आधी बंद होते. भारताने मार्च २०२० मध्ये पॅरासिटामॉलच्या निर्यातीवर बंधनं घातली, आणि त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली. बॅगेतून येणारी गोळीच मग कुठून येणार? तुम्ही घेता ते औषध राहत्या देशात कुठल्या नावाने मिळतं, चिठ्ठी लागते का, हे आजच तिथल्या डॉक्टरकडून लिहून घ्या. चिठ्ठीवर ब्रँड नको, मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम हवेत. पॅरासिटामॉल अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणून विकलं जातं. दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतलीत तर यकृताला धोका आहे. सर्दीच्या मिश्रणांतही तेच असतं, म्हणून मागचा मजकूर वाचा. आणि मायदेशात सहज मिळणारं प्रत्येक औषध सगळीकडे चालत नाही. जपानमध्ये ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी बरोबर नेणंही बेकायदा आहे.

घरसामानाच्या प्रश्नात कागदपत्रं कशाला, असं वाटेल. पण परदेशात तीही घरसामानच. राहण्याचा परवाना पुढच्या तीन-चार महिन्यांत संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज आजच टाका. २०२० मध्ये अनेक देशांनी मुदती आपोआप वाढवल्या, पण ते नंतर, आणि मधले आठवडे लोकांनी काळजीत काढले. पासपोर्टची मुदत बघा. दूतावासात नाव नोंदवलेलं नसेल तर नोंदवा. मे २०२० मध्ये भारताने परतीची विमानं सुरू केली तेव्हा दूतावासाकडे नोंद असलेल्यांतूनच प्रवासी निवडले गेले. आणि एक बारकी गोष्ट जी कुणाच्याच यादीत नसते: मायदेशातल्या बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो त्याचं रिचार्ज संपू देऊ नका. ते सिम बंद पडलं तर खात्यात पैसे असून घरी पाठवता येत नाहीत. थोडी रोख आणि दुसऱ्या बँकेचं एक कार्डही असू द्या.

तुम्ही सहा जणांत घर वाटून राहत असाल तर सामानाआधी बोलून घ्या. कुणी आजारी पडलं तर कुठली खोली, कुठलं न्हाणीघर, जेवण दारापर्यंत कोण आणणार. हे ठरलेलं नसेल तर पन्नास किलो तांदळानेही काही सुटत नाही.

माझ्या हिशेबाला एक अपवाद आहे, तो लपवत नाही. शांघायमध्ये २०२२ च्या मार्चअखेर शहराच्या अर्ध्या भागाला चार दिवसांचा लॉकडाऊन सांगितला गेला. प्रत्यक्षात बहुतेक शहर जूनपर्यंत अडकलं, आणि लोकांना किराण्यासाठीही घराबाहेर पडता येत नव्हतं. तिथे तगले ते सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी मिळून गटाने मागवलेल्या सामानावर. तुम्ही राहता तिथलं सरकार त्या पद्धतीने वागू शकतं असं वाटत असेल तर दोन आठवड्यांचे चार करा, आणि त्याहीपेक्षा आधी इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप किंवा वीचॅट गटात शिरा. भाषा येत नसेल तरी शिरा.

पूर्वसूचना किती मिळेल यावर विसंबू नका. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये साधारण दोन दिवस दिले होते. भारतात रात्री आठला घोषणा झाली आणि बाराला अंमल सुरू. त्यामुळे समजा काहीच तयारी नाही आणि आज संध्याकाळीच घोषणा झाली, तर क्रम असा: आधी औषधाचं दुकान, रोजच्या गोळ्यांसाठी. मग बाळाचं दूध आणि डायपर, घरात बाळ असेल तर. यांना पर्याय नसतो. मग चार्जर-बॅटरीचं दुकान, कारण ते उद्या बंद असू शकतं. सुपरमार्केटच्या रांगेत त्या रात्री उभंच राहू नका. तीन दिवसांचं घरात निघेलच. चौथ्या दिवशी सकाळी लवकर जा, कपाटं बऱ्यापैकी भरलेली असतील आणि रांगही निम्मी.