डॅनिश वाक्प्रचार आधीच पाठ करावेत का?

डेन्मार्कला येण्यापूर्वी डॅनिश वाक्प्रचारांची यादी पाठ केली तर लोकांशी बोलणे सोपे होईल का, आणि त्यांतले कोणते आधी शिकावेत, असे आपण विचारले आहे. यादी पाठ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशाच एका यादीतल्या शब्दामुळे मी एका चांगल्या सहकारिणीशी दोन महिने अबोला धरला होता, म्हणून ती हकीकत आधी सांगते.

ऑर्हूसमधल्या एका वृद्धाश्रमात मी मदतनीस म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या वहीत दीडशे वाक्प्रचार अर्थांसह उतरवलेले होते. नाताळच्या आधी माझ्या एका तरुण सहकारिणीचे मूल आजारी पडले आणि तिच्या सलग दोन रात्रपाळ्या मी केल्या. कामावर परतल्यावर ती सर्वांसमोर म्हणाली, की तू माझ्यासाठी फार मोठी ‘ब्योर्नत्येनेस्त’ केलीस. या शब्दाचा शब्दशः अर्थ अस्वलाची सेवा असा होतो, आणि मदतीच्या हेतूने केलेले नुकसान हा त्याचा अर्थ मी वहीत लिहून ठेवला होता. झोपलेल्या माणसाच्या नाकावरची माशी मारण्यासाठी अस्वल धोंडा घालते आणि माणूसच मरतो, ही फ्रेंच कवी ला फोंतेनच्या 1678 सालच्या संग्रहातली कथा त्यामागे आहे. आपल्या पंचतंत्रात अस्वलाच्या जागी राजाचे माकड आहे आणि धोंड्याच्या जागी तलवार. दोन रात्री जागून काढल्यावर हे ऐकावे लागले, याचे मला इतके वाईट वाटले की तिला काही न विचारता मी तिच्याशी बोलणे थांबवले आणि पाळीही बदलून मागितली.

फेब्रुवारीत आश्रमातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे केस विंचरताना मी हे त्यांना सांगितले. त्या चिडल्या, पण त्या मुलीवर नव्हे, शब्दाच्या त्या वापरावर. अस्वल मोठे, म्हणून त्याची सेवाही मोठी, असे समजून अनेक तरुण हा शब्द ‘फार मोठी मदत’ या अर्थाने वापरतात, आणि त्यावरून डेन्मार्कमध्ये जुना वाद आहे, हे मला त्यांच्याकडून कळले. त्या मुलीने माझे मनापासून आभार मानले होते. मराठी माणसाला हे समजणे अवघड जाऊ नये. ‘अपरोक्ष’ म्हणजे संस्कृतात प्रत्यक्ष, डोळ्यांसमोरचे. आपण मात्र ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणतो तेव्हा ‘माझ्या पाठीमागे’ असे म्हणायचे असते, आणि ऐकणाऱ्यालाही तेच कळते. शब्द कोण, कोणत्या वयाचा माणूस, कोणाला उद्देशून बोलतो आहे, हे माझ्या वहीत कुठेच नव्हते.

आमचे भावजी चौदा वर्षे कोपनहेगनमध्ये नोकरी करतात. त्यांच्या मते मी इंग्रजीत बोलले असते तर हा गैरसमज झालाच नसता, आणि डेन्मार्कमध्ये सर्वांना इंग्रजी येत असल्याने डॅनिशसाठी इतका वेळ घालवणे व्यर्थ आहे. हे मला मुळीच मान्य नाही. त्यांच्या कार्यालयात बैठका इंग्रजीत होतात, पण जेवणाच्या टेबलावर लोक आपसात डॅनिश बोलतात. त्यांच्या विभागाची फेररचना होण्यापूर्वी तिथे महिनाभर ‘ऊलर इ मोसेन’ असे बोलले जात होते, म्हणजे दलदलीत घुबडे आहेत, काहीतरी काळेबेरे आहे. ही मंडळी घुबडांविषयी का बोलतात, असे भावजींनी मला विचारले तोपर्यंत निर्णय जाहीर झाला होता. शब्द कळत होते, तरी सहकाऱ्यांची शंका त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, आणि ती त्यांना इंग्रजीत कोणी सांगितलीही नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. बर्फावर गाय नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही. बोकडाची दाढी झाली, म्हणजे काम एकदाचे पार पडले. उंट गिळला, म्हणजे मनाविरुद्धची तडजोड मान्य केली. यांतला उंट राजकारणाच्या बातम्यांत वारंवार भेटतो. एवढे ओळखता आले तरी सुरुवातीला पुरे. नागरिकत्वासाठी सामान्यतः लागणारी ‘प्रोव्ह इ डान्स्क 3’ ही परीक्षा वाचन, लेखन आणि तोंडी अशी असते, आणि वाक्प्रचार पेरल्याने उच्चारातली कच्चाई झाकली जात नाही. पाठच करायचे असेल तर ‘वॅ मेनर दू मे दे’, म्हणजे ‘तुला यातून काय म्हणायचे आहे’, हे एक वाक्य करावे. मी ते त्या दिवशी विचारायला हवे होते.

माझा अनुभव वृद्धाश्रमातला आहे, हेही लक्षात घ्यावे. आपण इंग्रजीत चालणाऱ्या प्रयोगशाळेत जाणार असाल तर पहिल्या वर्षी आपल्याला याची इतकी गरज भासणार नाही. ती सहकारिणी आजही तो शब्द तसाच वापरते आणि मला तो कळतो, पण त्या शिक्षिकेसमोर मी तो कोणत्याच अर्थाने उच्चारत नाही.